परकें कोणतें आणि आपलें कोणतें?

एखाद्या समाजावर परक्यांनीं तीन-साडेतीनशें वर्षें सत्ता गाजविली, तर त्याचें स्वतःचें असें कांहीं उरतें कीं नाहीं, हा प्रश्न इतिहासाचा दिसला तरी वस्तुतः तो प्रत्येक घराचा आहे. या बाबतींत पूर्वसमुद्रांतील फिलिपाइन्स बेटांइतकें बोधप्रद उदाहरण क्वचितच सांपडेल. म्हणून वाचकांस प्रथम त्या बेटांची थोडी ओळख करून देऊन मग आपल्या वऱ्हाडांतील घराकडे वळण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या देशाचें नांवच मुळीं परकें. तें स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या नांवावरून पडलें. १५२१ सालीं मॅगेलन तेथें पोंचला आणि मॅक्तान बेटावर लापुलापु नामक नायकाच्या लोकांशीं लढतांना मारला गेला. तरीहि १५६५ पासून स्पेनचा अंमल बसला, तो १८९८ पर्यंत टिकला. मागाहून अमेरिकन आले, मध्यंतरीं १९४२ ते १९४५ जपानी आले, आणि ४ जुलै १९४६ रोजीं देश स्वतंत्र झाला. तोंवर बहुसंख्य लोक कॅथॉलिक झालेले होते. १८४९ सालीं गव्हर्नर क्लाव्हेरिया यानें आडनांवांची एक जंत्रीच काढून ती गांवोगांव धाडली. कांहीं गांवांच्या वांट्यास त्या जंत्रीचीं ठराविक पानें आलीं. त्यामुळें तेथील बहुतेक कुटुंबांचीं आडनांवें एकाच अक्षरानें सुरू होऊं लागलीं. कुळाची खूण सरकारी कचेरींतून वांटली जावी, याहून परवशता ती कोणती?

परंतु हा थर किंचित् खरवडला कीं खालीं निराळेंच दृश्य दिसतें. तेथील टागालोग भाषेंत चेहऱ्यास ‘मुखा’, आशेस ‘आसा’, शिक्षकास ‘गुरो’ आणि वनदेवतेस ‘दिवाता’ म्हणतात. हे शब्द कोठून गेले हें संस्कृतज्ञ वाचकांस सांगणें नलगे. लागुना प्रांतांत १९८९ च्या सुमारास एक ताम्रपट सांपडला. त्याचा आरंभ ‘स्वस्ति’ या शब्दानें असून पुढें शक ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार अशी मिति दिली आहे. एका कुटुंबास ऋणांतून मुक्त केल्याचें तें पत्र आहे. थोरल्या भावास ‘कुया’ आणि थोरल्या बहिणीस ‘आते’ हीं संबोधनें चिनी व्यापाऱ्यांकडून आलेलीं. तात्पर्य, स्पॅनिश लोकांपूर्वींचें फिलिपाइन्सहि निर्भेळ नव्हतें.

मग त्यांचें स्वतःचें तें काय? आमच्या मतें, आलेल्या शब्दांस त्यांनीं आपल्या व्याकरणांत वागविलें हें त्यांचें स्वत्व. ‘त्राबाहो’ म्हणजे काम, हा शब्द स्पॅनिश. पण ‘काम करीत आहे’ म्हणावयाचें असतां ते ‘नागतात्राबाहो’ म्हणतात. पूर्वप्रत्यय त्यांचा आणि आद्यवर्णाची द्विरुक्तीहि त्यांचीच. आपल्या ‘चकार’, ‘जगाम’ या रूपांतील अभ्यासाची येथें आठवण होते. शब्द पाहुणा, परंतु घराची रीत घरच्यांची!

आतां आपल्याकडे पाहूं. सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें आमचें जळगांव जामोद घ्या. ‘आइन-इ-अकबरी’ या ग्रंथांत जळगांव हा नरनाळा सरकारांतील एक परगणा म्हणून नोंदलेला आहे. अचलपूरची इमादशाही, अहमदनगरची निजामशाही, मोगल, हैदराबादचे निजाम आणि १८५३ पासून इंग्रज, इतक्यांचे अंमल या वऱ्हाडानें पाहिले. आज आमचा ‘तालुका’ अरबी आणि ‘जिल्हा’ही अरबी. फडणीस, पारसनीस, सबनीस हीं आडनांवें दरबारी फारसीच्या टांकसाळींतलीं. तीं धारण करणारीं कुटुंबें मात्र गोत्र-प्रवर नित्य उच्चारीत आलीं.

एकादशीच्या फराळाचें ताट तरी पाहावें. बटाटा, रताळें, मिरची, शेंगदाणा, राजगिरा हीं सारीं मूळचीं अमेरिका खंडांतलीं, आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोहि तिकडचाच. ताटांत जुनी म्हणावी ती वरई! फळांपैकीं चिकू मेक्सिकोचा. फिलिपाइन्समध्यें त्यास आजहि ‘चिको’ या स्पॅनिश नांवानेंच ओळखतात. तथापि यामुळें एकादशी कोणी परकी म्हणत नाहीं. कारण तिथि आपली, व्रत आपलें, आणि काय चालावें व काय चालूं नये हें ठरविणारें स्वयंपाकघरहि आपलें.

भाषेचेंहि असेंच आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें राजव्यवहारकोश सिद्ध झाला. ‘पेशवा’ या पदास ‘पंतप्रधान’ असें संस्कृत नांव मिळालें. राज्य स्वतःचें झाल्यावर बोलीहि स्वतःची असावी, ही ती दृष्टि होती. तरी ‘पेशवा’ लोकांच्या जिभेवरून गेला नाहीं. उलट ‘वकील’ शब्दाचें ‘वकिलास’, ‘कबूल’चें ‘कबुली’, ‘बदल’चें ‘बदलणें’ अशीं रूपें होऊन ते मराठीच्या शिस्तींत दाखल झाले. अशा शब्दांचें भय बाळगण्याचें कारण नाहीं.

भय आहे तें दुसऱ्याच गोष्टीचें. जी वस्तु आपणांजवळ नव्हती तिच्याबरोबर तिचें नांव आलें, तर घर भरतें. जी होती तिचें नांव टाकून परकें घेतलें, तर घर रिकामें होतें. फिलिपिनो लोकांस ‘इसा, दालावा, तात्लो’ असे स्वतःचे अंक असतांहि घड्याळाची वेळ ते स्पॅनिश अंकांनीं सांगतात. काका आणि मामा दोघेहि ‘तियो’, आत्या आणि मावशी दोघीहि ‘तिया’. हे शब्दहि स्पॅनिशच. त्यांवर तर परक्यांची सक्ति होती; आपणांवर आज कोणाची आहे? अध्यापनांत आयुष्य घालविल्यावर आम्हांस असें आढळतें कीं, सुशिक्षित घरांतील मुलास ‘सेव्हंटी नाइन’ कळतें, ‘एकोणऐंशी’ म्हटलें कीं तो आईच्या तोंडाकडे पाहतो. आत्या, मावशी, काकू, मामी या चौघी एका ‘आंटी’त बुडाल्या, आणि त्याबरोबर माहेर कोणतें व सासर कोणतें, कोणाचा कोणत्या कार्यांत कोणता मान, ही सारी नात्यांची जाणहि पुसट होत चालली.

इंग्रजी शिकूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. ती उत्तम शिकावी, आणि परदेशीं गेलेल्या मुलांनीं तर तीवर प्रभुत्व मिळवावें. परंतु मोजदाद, नातीं, शरीराचे अवयव आणि सुखदुःखाचे उद्गार हा घरचा मूळ ठेवा आहे. तो तेवढा मराठींतच राहावा. यासाठीं सभा नकोत कीं ठराव नकोत. रात्रीं जेवणें झाल्यावर नातवंडांकडून तीसपर्यंत पाढे म्हणवून घ्यावेत, आणि घरीं आलेल्या प्रत्येक आप्तास त्याच्या नात्याच्या नांवानें हांक मारावयास त्यांस लावावें. हें काम घरांतील वडीलधाऱ्या माणसांचें आहे, आणि तें आजपासून करतां येण्याजोगें आहे.