उखाणा येतो? मग रॅपही येईल!

मैत्रिणींनो, ‘रॅप’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ती सैल कपडे घालून, हातवारे करत भराभर बोलणारी मुलं! २०१९ मध्ये ‘गली बॉय’ चित्रपट आला आणि हे वारं घराघरांत शिरलं. आमच्या कळव्यातही मुलांच्या वह्यांची मागची पानं पाहावीत, तर निबंधापेक्षा यमकंच जास्त! पण ‘हे काही आपलं काम नव्हे’ म्हणून पान उलटू नका बरं का.

गंमत म्हणजे या प्रकाराच्या जन्मालाच एक बहीण कारण झाली. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सिंडी कॅम्पबेल या मुलीनं, शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून, इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. तबकड्या लावायला होता तिचा भाऊ, ‘डीजे कूल हर्क’. हिपहॉपचा आरंभ त्या रात्रीपासून मानतात.

आणि आयत्या वेळी ओळी जुळवणं, ज्याला ही मुलं ‘फ्रीस्टाइल’ म्हणतात, ते आपल्याला का नवीन आहे? जात्यावर बसलेल्या बायका दळता दळता ओवी जोडत. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरींची गाणी अशीच काम करता करता सुचलेली. मुलानं, सोपानदेवांनी, ती उतरवून ठेवली म्हणून १९५२ मध्ये, त्यांच्या पश्चात, पुस्तक निघालं. मुंबईच्या ‘स्वदेसी’ गटानं २०१९ मध्ये आरेतल्या आदिवासींची व्यथा रॅपमधूनच मांडली. सांगायचं काय, मनात साठलेलं ठेक्यावर बोलायचं, एवढंच!

आता शिकायचं कसं ते पाहू.

आधी ठेका. एक-दोन-तीन-चार मोजा आणि दोन व चारवर टाळी द्या. मिनिटाला नव्वदच्या आसपास ठोके धरले, तर चार ठोक्यांच्या एका ओळीला जेमतेम पावणेतीन सेकंद मिळतात. म्हणून सुरुवातीला हळू मोजा. कणीक मळताना हात आपोआप ठेका धरतो.

मग यमक. शेवटचा शब्द आधी ठरवायचा आणि ओळ त्याच्याकडे न्यायची. गाडी, साडी, वाडी, काडी असे पाच-सहा शब्द रोज जमवा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे करते-भरते-सरते पटकन सुचतं; पण सगळ्याच ओळी अशा संपल्या की कान कंटाळतो. वाक्य जरा फिरवून नाम शेवटी आणा.

तिसरं म्हणजे थांबायचं नाही. शब्द अडला तर समोर दिसेल ते बोला : कढई, पंखा, खिडकीतून दिसणारा पारसिकचा डोंगर. ओवीत नाही का ‘बाई’, ‘गं’ घालून जागा भरत? तसंच.

हे पाहा, रांधता रांधता जुळलेल्या चार ओळी :

कळव्याची गर्दी, त्यात धिमी गाडी,
खांद्यावर पिशवी, चुरगळली साडी;
वह्या तपासून दुखली बोटं, कुकरची वाजली शिटी,
कुणी मोजली, बिनपगारी किती तासांची ड्युटी?

शेवटची ओळ हसत म्हटली, तरी ऐकणाऱ्याला जिथे पोचायची तिथे पोचते. एरवी हेच बोलायला गेलं की ‘तुझं काहीतरीच’ म्हणून विषय संपतो ना?

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १२ रॅपर मंडळींच्या मेंदूची तपासणी केली. पाठ केलेलं म्हणताना आणि आयत्या वेळी जुळवताना, अशी दोन्ही वेळची. जुळवताना आपल्यावर पहारा ठेवणारा, आवरून धरणारा भाग मंदावलेला दिसला. आपला हा पहारेकरी तर भारीच जागरूक! ‘लोक काय म्हणतील’ हे त्याचं पालुपद. म्हणूनच जमेल की नाही याचा विचार न करता रोज दहा मिनिटं, दार लावून, एकटीनं बोला. लिहून काढू नका, खोडू नका.

पंधरा दिवसांनी मुलांना एक ओळ द्या, पुढची त्यांना जोडायला सांगा. गाण्याच्या भेंड्यांसारखा रंग चढतो, आणि मुलांच्या तोंडी आपसूक मराठी शब्द येतात. हळदीकुंकवाला नावच घ्यायचं झालं, तर पुस्तकातला पाठ केलेला उखाणा बाजूला ठेवून स्वतःच्या चार ओळी म्हणा. नाव त्यांचं असेल, पण शब्द तुमचे असतील. मग, करताय ना सुरुवात आज कणीक मळतानाच?