कुंडींतील झाडांचें पोषण : गांडूळखत व खताचा अर्क

ज्यांच्या घरीं पंचवीस-तीस एकरांची वहिवाट आहे अशा वाचकांपुढें कुंड्यांची गोष्ट काढणें कोणास पोरखेळ वाटेल. तरी पण विचार केला असतां असें दिसून येईल कीं, अंगणांतील तुळशीवृंदावन, परसांतलें कढीलिंबाचें पिंप, आंब्याच्या कलमांच्या काळ्या पिशव्या व मिरचीच्या रोपांचे ट्रे या सर्व शेतकीच्या दृष्टीनें कुंड्याच होत. ज्याचा कलमांचा धंदा आहे त्याचा तर सबंध वर्षाचा नफातोटा किलो-दीड किलो मातींत सांठवलेला असतो. या कामीं गांडूळखताचा, आणि त्यापासून काढलेल्या ज्या अर्कास विक्रेते ‘कंपोस्ट टी’ म्हणतात त्याचा, खरा उपयोग किती, याविषयीं बाजारांत इतकें कांहीं बोललें जात आहे कीं, त्यांतील खरें-खोटें निवडणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम कुंडी व शेत यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. शेतांतील झाडास अन्न कमी पडलें तर तें आपलीं मुळें लांबवर पाठवितें. दहा इंची कुंडींत सुमारें आठ लिटर माती मावते. त्यापलीकडे झाडास जग नाहीं. शिवाय आपण रोज पाणी घालतों, तें तळाच्या भोंकांतून निघून जातें, आणि जातांना पाण्यांत विरघळलेलें नत्र बरोबर नेतें. म्हणजे कुंडींतील झाड एकीकडे लवकर उपाशी राहतें व दुसरीकडे जास्त दिलेलें त्यास लवकर बाधतें. शेतांत मूठभर युरिया अधिक पडला तर पचून जातो; कुंडींत तोच मुळें जाळतो. यास्तव कुंडीचें खत सावकाश सुटणारें व सौम्य असावें हें उघड आहे, आणि गांडूळखताची मातब्बरी आहे ती याच गुणामुळें.

गांडुळास दांत नसतात. तें मातीबरोबर कुजका पालापाचोळा गिळतें, त्याच्या पोटांतील पेषणींत बारीक खड्यांच्या योगानें तो दळला जातो, आंतड्यांत असंख्य सूक्ष्म जीव त्यावर काम करतात, आणि बाहेर पडते ती बुळबुळीत लेपानें बांधलेली बारीक कणी. ही कणी पाण्यानें लवकर फुटत नाहीं, ओल धरून ठेवते व कणाकणांमधून हवा खेळूं देते. चार्लस् डार्विन यानें १८८१ मध्यें गांडुळांवर एक सबंध ग्रंथ लिहून जमिनीचा वरचा थर घडविण्यांत या क्षुद्र जीवाचा केवढा वांटा आहे तें दाखविलें. मात्र शेतांत खोलवर बिळें करणारें गांडूळ निराळें आणि खतासाठीं पाळावयाचें निराळें. खताच्या वाफ्यांत आयसेनिया फेटिडा, युड्रिलस युजिनी किंवा आपल्याकडील पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस या पृष्ठभागाजवळ, शेणापाल्यांत राहणाऱ्या जाती लागतात. कित्येक लोक हीं गांडुळें मोठ्या हौसेनें थेट कुंडींत सोडतात. तेथें त्यांस पुरेसें खाद्य नसतें; वैशाखांत उन्हांत ठेवलेली काळी कुंडी तापली म्हणजे तीं मरतात. गांडूळ वाफ्यांत व त्याची विष्ठा कुंडींत, अशी वांटणीच बरी.

येथें एका गोष्टीकडे आम्ही विशेष लक्ष वेधूं इच्छितों, कारण घरीं खत करणारांपैकीं पुष्कळजण तिची उपेक्षा करतात. सर ॲल्बर्ट हॉवर्ड यांनीं इंदूर येथें कंपोस्टाची जी रीत बसविली व यशवंत वाड यांच्यासह १९३१ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली, तींत ढीग आपोआप तापतो, आणि त्या उष्णतेनें तणांचें बीं व रोगजंतू बऱ्याच अंशीं नाश पावतात. गांडुळांच्या वाफ्यांत असें होत नाहीं. तो तापूं द्यावयाचाच नसतो, कारण पस्तीस अंशांच्या वर गांडुळें तग धरीत नाहींत. परिणामीं शेणांतून किंवा कचऱ्यांतून आलेलें गाजरगवताचें बीं जसेंच्या तसें कुंडींत येऊन उगवतें. याला उपाय असा कीं, शेण व पाला यांचा आधीं ढीग लावून दोन-तीन आठवडे तापूं द्यावा, एकदोनदां उलथावा, आणि निवाल्यावर मगच वाफ्यांत भरून गांडुळें सोडावीं. दिवस थोडे अधिक लागतात. पण कलमांच्या हजार पिशव्यांतील तण उपटण्याची मजुरी ज्यानें एकदां भरली आहे त्यास हे दिवस जास्त वाटणार नाहींत.

तयार खत ओळखावें कसें? रंग काळसर तपकिरी, रूप चहाच्या भुकटीसारखें, वास पहिल्या पावसानंतरच्या मातीचा. नाकास झोंबणारा किंवा सडका वास आला, हातास ऊब लागली, किंवा काडी-पाला ओळखूं येत असला तर खत कच्चें समजावें. विकत घेणारांनीं वजनाचीही परीक्षा करावी. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशांत गांडूळखतासाठीं पुढें जीं प्रमाणें घालण्यांत आलीं त्यांत ओलावा १५ ते २५ टक्के, नत्र किमान १ टक्का व घनता ०.७ ते ०.९ अशी धरलेली आहे. म्हणजे लिटरभर खताचें वजन ७०० ते ९०० ग्रॅम भरावें. लिटरचें माप भरून किलोच्या वर वजन गेलें तर त्यांत माती मिसळली आहे अथवा पाणी मारलें आहे, असा संशय घेण्यास हरकत नाहीं. सर्वांत खात्रीची परीक्षा बियांची. दोन लहान भांडीं घ्यावीं. एकांत नुसती माती, दुसऱ्यांत दोन भाग माती व एक भाग खत घालून प्रत्येकांत मेथीचे वीस दाणे पेरावे. खताच्या भांड्यांतील दाणे उशीरां किंवा कमी उगवले तर तें खत आणखी महिनाभर सांवलींत ओलसर ठेवून पिकूं द्यावें.

आतां प्रमाणाविषयीं. ‘खत जितकें अधिक तितकें चांगलें’ ही समजूत कुंडीच्या बाबतींत साफ चुकीची आहे. अमेरिकेंतील ओहायो राज्याच्या विद्यापीठांत कुंड्यांतील रोपांवर याचे पुष्कळ प्रयोग झाले. त्यांत आढळून आलें कीं, मिश्रणांत गांडूळखताचा हिस्सा दहा ते वीस टक्के असतां बहुधा उत्तम वाढ होते, आणि निव्वळ खतांत लावलेलीं रोपें उलट खुंटतात. कारणें दोन : क्षारांचें प्रमाण वाढतें, आणि नुसतें खत भिजून घट्ट बसलें म्हणजे मुळांस हवा मिळत नाहीं. आम्ही पांच भागांत एक भाग खत हें माप सुचवितों. बाकीच्या चार भागांत दोन भाग पोयटा, एक भाग जाड वाळू व एक भाग नारळाच्या सोडणाचा भुसा घ्यावा. देशावरील काळी माती एकटी कुंडींत कदापि घालूं नये. ती भिजली कीं फुगते, वाळली कीं भेगाळते व कडेनें सुटून पाणी सरळ खालीं जाऊं देते.

यापासून झाडास मिळतें किती, याचा हिशेब वाचकांनीं एकदां अवश्य करून पाहावा. आठ लिटरच्या कुंडींत पांचवा हिस्सा म्हणजे १.६ लिटर खत, वजनानें सुमारें १,३०० ग्रॅम. ओलावा वजा जातां कोरडें खत सुमारें १,००० ग्रॅम. नत्र दीड टक्का धरलें तर तें १५ ग्रॅम झालें. परंतु हें नत्र बहुतेक सेंद्रिय रूपांत बांधलेलें असतें व जंतूंनीं सोडवून दिल्याविना झाडास मिळत नाहीं. पहिल्या हंगामांत तिसरा हिस्सा मोकळा झाला असें मानलें तर पांच ग्रॅम. टोमॅटोच्या झाडास एक किलो फळ धरण्यास सुमारें अडीच ते तीन ग्रॅम नत्र लागतें. म्हणजे दोन किलो फळाचें काम कसेंबसें भागतें, आणि पाण्याबरोबर वाहून जाणारें तर आम्ही हिशेबांतच धरलेलें नाहीं. यावरून स्पष्ट होतें कीं, तुळस, मोगरा, कोरफड यांस सुरवातीचें मिश्रण व दर दोन महिन्यांनीं वरून दोन मुठी खत एवढें पुरे. पण टोमॅटो, वांगें, दुधी यांसारख्या खादाड झाडांस केवळ गांडूळखतावर ठेवणें म्हणजे गड्यास भर कामाच्या दिवसांत पेजेवर ठेवण्यासारखें आहे. अशा झाडांस फूल लागतांच भुईमुगाची पेंड द्यावी. तींत नत्र सात टक्क्यांच्या आसपास असतें. पन्नास ग्रॅम पेंडींत साडेतीन ग्रॅम मिळतें. ती पंधरा-पंधरा ग्रॅम करून तीन-चार हप्त्यांनीं, पाण्यांत चार दिवस कुजवून व भरपूर पातळ करून घालावी. कोरडी घातली तर मुंग्या व उंदीर यांचीच चंगळ होते. वास मात्र सोसावा लागतो, आणि तो दिवाणखान्याच्या खिडकीखालीं सोसवत नाहीं.

आतां अर्काकडे वळूं. यास चहा कां म्हणतात कळत नाहीं. उकळावयाचें तर नाहींच, उकळला तर त्यांतील जिवंत तेवढें सारें मरेल. रीत सोपी आहे. एक भाग तयार गांडूळखत विरळ फडक्यांत सैल बांधून दहा भाग पाण्यांत सोडावें. पाणी नळाचें असल्यास आधीं दिवसभर उघड्या बादलींत ठेवावें, म्हणजे जंतू मारण्यासाठीं घातलेलें क्लोरीन उडून जाईल. नंतर माशांच्या टाकीस असतो तसा लहान हवेचा पंप लावून चोवीस तास हवा सोडावी. पंप नसेल तर संध्याकाळीं गांठोडें बुडवून चांगलें ढवळावें व सकाळीं वापरावें. एका रात्रींत विरघळणारें बहुतेक उतरतें. अर्क त्याच दिवशीं संपवावा. हवा बंद झाली कीं आंतील जंतू उरलेला प्राणवायू थोड्या वेळांत संपवितात व पाणी नासूं लागतें. दुर्गंधि सुटलेला अर्क झाडास न घालतां खताच्या ढिगावर ओतावा. फडक्यांतला गाळही टाकूं नये; नत्राचा मोठा भाग त्यांतच राहिलेला असतो, तो कुंड्यांत वरून पसरावा.

यावरूनच अर्काची योग्यता ठरते. तो जेवण नव्हे. त्यांत सहज विरघळणारें थोडें नत्र व पालाश, कांहीं ह्यूमस-द्रव्य व जंतू असतात. रोप लावल्यावर, किंवा पालवी फुटत असतां पंधरा दिवसांनीं एकदां तो दिला तर गुण दिसतो. भुरी, करपा यांसारखे रोग त्यानें हटतात असें सांगितलें जातें. प्रयोगांत याचे परिणाम कधीं चांगले, कधीं कांहींच नाहीं, असे अगदीं विषम आले आहेत. रोगासाठीं त्यावर विसंबून राहणें आम्हांस मान्य नाहीं.

जीवामृतांत गूळ घालतात म्हणून पुष्कळजण या अर्कांतही तो घालूं लागले आहेत. गुळानें जंतू झपाट्यानें वाढतात हें खरें, परंतु गूळ चांगल्या-वाईटाचा भेद करीत नाहीं. शेणांतून आलेले ई. कोलाय व साल्मोनेला हे मनुष्याच्या पोटांत बिघाड करणारे जंतूही त्यावर पोसतात. अमेरिकेंत सेंद्रिय शेतीच्या सरकारी मंडळानें नेमलेल्या समितीनें २००४ मध्यें यासाठीं असा दंडक सुचविला कीं, असे पोषक पदार्थ घालून केलेला व तपासून न घेतलेला अर्क वापरल्यास काढणीपूर्वीं ९० दिवस, आणि खाण्याचा भाग मातीस लागत असेल तर १२० दिवस जाऊं द्यावे. कोथिंबीर तर चाळीस-पन्नास दिवसांत कापणीस येते! तेव्हां कोथिंबीर, पुदिना, पालक यांच्या पानांवर अर्क शिंपडूं नये, आणि घरांत लहान मुलें कच्चें पान तोंडांत घालीत असतील तेथें गूळ घातलेला अर्क मुळींच करूं नये.

बाटलींत भरून, महिनोन्महिने टिकणारा म्हणून जो अर्क विकतात त्याविषयीं वेगळें लिहिण्याचें कारण नाहीं. वर जें हवेविषयीं सांगितलें तेंच बुचबंद बाटलीस लावून पाहावें. गांडूळपाणी, म्हणजे जिवंत गांडुळांच्या पिकलेल्या वाफ्यांतून झिरपलेलें स्वच्छ पिवळसर पाणी, ही वस्तु निराळी. तें दहापट पाणी घालून वापरण्यास चिंता नाहीं. पण कच्च्या कचऱ्याच्या डब्याच्या तळाशीं सांचणारें काळें, आंबट वासाचें पाणी तें हें नव्हे. कांहीं लोक दोन्ही एकच समजतात आणि रोपें पिवळीं पडलीं म्हणजे गांडुळांस दोष देतात.

कलमवाल्यांसाठीं दोन शब्द. कोय कलम बांधल्यावर कलमकाडी जुळून पहिली पालवी पक्की होईपर्यंत खत किंवा अर्क कांहींएक देऊं नये. तोंवर रोपटें कोयींतील शिधेवर जगतें व जास्त ओलीनें सांधा कुजण्याचें भय असतें. पुढें पिशवीस एक मूठ खत व उघडिपींत अर्काचा एखादा हात पुरे. कोंकणांतील मुसळधार पावसांत अर्क घालणें म्हणजे तो ओढ्यास घालणें होय. थंडींत वाढ मंदावते, तेव्हांही हात आंखडावा.

कुंडीच्या कडेस किंवा मातीवर पांढरा थर दिसूं लागला तर तो क्षारांचा असतो. मचूळ विहिरीच्या पाण्यानें तो अधिक येतो. अशा वेळीं वरचा अंगुळभर थर खरवडून काढावा, कुंडीच्या मातीच्या दुप्पट मापाचें गोडें पाणी, मिळाल्यास पावसाचें, सावकाश ओतून तळांतून निथळूं द्यावें, आणि आठ-दहा दिवस खताचें नांव काढूं नये.