विश्लेषण : शाळेचा कला प्रकल्प मुलांचा की पालकांचा?

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि पाठोपाठ आषाढी येते. पंढरपुरातच नव्हे, राज्यभरातल्या प्राथमिक शाळांत बालदिंडी निघते. पताका, तुळशीवृंदावन, विठ्ठलाचा मुखवटा ‘घरून करून आणा’ असा निरोप येतो. रात्री पुठ्ठा कापत बसतात ते आईवडील. मूल केव्हाच झोपलेले असते. सकाळी वर्गात मांडलेले सगळे प्रकल्प देखणे असतात, फक्त ते मुलांनी केलेले नसतात.

अभ्यासक्रमात कलेला स्थान आहे का?

आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 ने दहावीपर्यंत कला अनिवार्य असावी, अशी भूमिका घेतली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात इतर विषयही कलेच्या अंगाने शिकवण्यावर भर आहे. ‘बालभारती’च्या ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकात कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण एकत्र आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात कलेची वेगळी संकलित परीक्षा नसते. वर्षभरातील कामावरूनच श्रेणी दिली जाते.

मग अडते कुठे?

शिक्षकांपाशी. शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये कलेसाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी आणि पटसंख्या शंभरावर असेल तर. पहिली ते पाचवीसाठी अशी तरतूद नाही. भाषा, गणित शिकवणारे वर्गशिक्षकच चित्रकलेचा तासही घेतात. पट मोठा, तास छोटा आणि साहित्याला पैसे नाहीत, मग प्रकल्प घरी पाठवणे सोपे पडते. पालकही कलेकडे गांभीर्याने पाहतात ते बहुधा पुढे, शासकीय रेखाकला परीक्षेमुळे दहावीला सवलतीचे गुण मिळतात म्हणून.

मुलाचे चित्र ‘चुकते’ का?

कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 मध्ये मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. साधारण सात ते नऊ या वयात मूल कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ ओढते आणि त्यावर सगळे उभे करते. जे महत्त्वाचे वाटते ते मोठे काढते, आतले-बाहेरचे एकदम दाखवते. म्हणून मुलाच्या चित्रात विठोबा देवळापेक्षा उंच असतो आणि भिंतीतूनही दिसतो. ही चूक नव्हे, त्या वयाची समज आहे. मोठ्यांनी खोडरबर घेऊन ती ‘सुधारली’ की पुढच्या वेळी मूल म्हणते, ‘मला येत नाही, तुम्हीच काढून द्या.’

कमी खर्चात काय करता येईल?

पंढरपूरकरांना साहित्य शोधायला दूर जावे लागत नाही. हळद-कुंकवाची दुकाने, घोंगड्या, वीणा-टाळ, वाळवंटातले वारकरी हे सारे रोजच्या पाहण्यातले. एक सोपा प्रकल्प असा : कागदावर हळदीच्या पाण्याचा हात द्यावा, वाळू द्यावा. मग कापसाच्या काडीने साबणाचे पाणी घेऊन त्यावर चित्र काढावे. पिवळ्यावर लालसर रेघ उमटते, कारण हळद आम्लारी पदार्थात रंग बदलते. हळदीवर चुन्यासारख्या पदार्थांची प्रक्रिया करून कुंकू करण्याची पारंपरिक रीत याच गुणावर चालते. चुना मात्र मुलांच्या हाती देऊ नये, त्वचेला आणि डोळ्यांना इजा होते. एका तासात चित्रही होते, विज्ञानही.

घोंगडीच्या तुकड्यावरून उभे-आडवे धागे पाहून कागदाच्या पट्ट्या विणणे हा आणखी एक प्रकल्प. गटात साहित्य वाटून घेतले की खर्चही वाटला जातो.

शिक्षक आणि पालकांनी काय पाळावे?

प्रकल्प वर्गातच करून घ्यावा. फळ्यावर नमुना काढून तो उतरवायला लावू नये. मुलांना आधी वस्तू पाहू, हाताळू द्यावी. ‘छान’ म्हणण्याऐवजी ‘हे काय काढलेस?’ असे विचारावे आणि मूल सांगेल ते चित्रामागे लिहून ठेवावे. जूनचे आणि मार्चचे चित्र शेजारी ठेवले, की श्रेणी कशावरून द्यायची ते दिसते. पालकांनी साहित्य जमवून द्यावे, कात्री वापरताना लक्ष ठेवावे. हात मात्र मुलाचाच चालू द्यावा.

चित्रकार एम. एफ. हुसेन यांचा जन्म 1915 साली याच पंढरपुरातला. प्रत्येक मूल चित्रकार होणार नाही, व्हायलाही नको. पण वाकड्या कापलेल्या पताकेवर ‘ही मी केली’ असे म्हणता येणे, हा प्रत्येकाचा हक्क आहे.