रोज चार मायक्रॉन

बैलबाजारात जन्मदाखला कुणी मागत नाही. जबडा उघडायचा, पुढचे दात बघायचे, की ठरलं: आदत, दुसा किंवा चौसा. १८३७ साली इंग्लंडमध्ये एडविन सॉन्डर्स या दंतवैद्यानं हाच हिशेब माणसांच्या पोरांना लावला. १८३३ च्या कायद्यानं कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी केली होती, पण वयाचा पुरावा कुठून आणणार? सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली तीच मुळी १८३७ च्या जुलैत. तोवर उंची बघून वय ठरे. सॉन्डर्सनं हजारावर मुलांची तोंडं तपासली. नऊ वर्षांच्या ७०८ मुलांपैकी ५३० जणांचं वय दातांनी बरोबर सांगितलं. उरलेल्यांत चूक झाली ती फार तर वर्षभराची.

यानंतर क्ष-किरण आले. १९७३ मध्ये कॅनडातल्या डेमिर्जियन आणि सहकाऱ्यांनी खालच्या जबड्याच्या डाव्या बाजूचे सात दात घेतले आणि प्रत्येकाच्या वाढीच्या आठ पायऱ्या ठरवल्या. आठचा सातवा घात करून बघा: २०,९७,१५२ जुळण्या! (त्यातल्या बहुतेक प्रत्यक्षात कुणाच्याच तोंडात सापडायच्या नाहीत, हे खरं.) एवढं करूनही वर्षभर इकडेतिकडे होतंच. तक्ते फ्रेंच-कॅनेडियन मुलांचे. आपली मुलं त्यांत बरेचदा आहेत त्याहून मोठी दिसतात.

गंमत अशी की दाताला स्वतःचं वय दिवसागणिक ठाऊक असतं. इनॅमल तयार होताना रोज साधारण चार मायक्रॉनचा थर चढतो आणि त्याची रेघ उरते. केसाएवढी जाडी व्हायला अडीच आठवडे लागतात. दर आठएक दिवसांनी एक ठळक रेघ पडते. जन्माच्या धक्क्याचीसुद्धा वेगळी रेघ असते, दुधाच्या दातांत आणि सहाव्या वर्षी येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेत. एका दाताचं इनॅमल पुरं झालं की मोजणी पुढच्या दातात चालू ठेवायची. बेल्जियममधल्या स्क्लाडिना गुहेत सापडलेल्या निएंडरथल मुलाचं वय शास्त्रज्ञांनी असंच काढलं: ३,०१७ दिवस. सव्वाआठ वर्षं. ते मूल जाऊन साधारण लाखभर वर्षं झालीत.

पण या रेघा मोजायच्या तर बहुधा दात कापून त्याची पातळ चकती करावी लागते. जित्या पोराचा दात कोण कापणार? आपल्याकडे २०१५ च्या बालन्याय कायद्यात आधी शाळेचा दाखला बघतात, मग पालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसले तरच वैद्यकीय चाचणी. अठरा वर्षं म्हणजे सुमारे ६,५७४ दिवस. त्यातला एक दिवस कमी असला तर तो बालक, पुरे भरले की प्रौढ. आणि त्या वयात वाढायचा राहिलेला दात एकच, अक्कलदाढ. ती कुणाला सतराव्या वर्षी येते, कुणाला पंचविसाव्या, तर कुणाला जन्मात येत नाही.