शोधनिबंध आणि हेल्पडेस्कची पुस्तिका: लेखनप्रकाराचा विचार

‘लेखनप्रकार’ म्हटलं की आपल्याला कादंबरी, लघुकथा, ललितनिबंध आठवतात. शाळेपासून तीच यादी आपण पाठ करत आलो. पण आपल्यापैकी बहुतेकजण जन्मात कादंबरी लिहीत नाहीत. आपण लिहितो अर्ज, अहवाल, इतिवृत्त, सूचना. आज अशा रोजच्या लेखनातले दोन प्रकार शेजारी ठेवून पाहू या. एक विद्यापीठातला शोधनिबंध आणि दुसरा हेल्पडेस्कवर नव्याने आलेल्या मुलामुलींना दिली जाणारी प्रशिक्षण-पुस्तिका.

आधी प्रकार म्हणजे काय ते ठरवू. कॅरोलिन मिलर या अमेरिकन अभ्यासिकेने 1984 साली एका लेखात असं मांडलं, की प्रकार त्याच्या बाह्यरूपावरून ओळखू नये, तो कोणतं काम पार पाडतो त्यावरून ओळखावा. समाजात एकच प्रसंग वारंवार येतो, त्याला तोंड देण्याची एक रीत रुळते, आणि ती रीत म्हणजे प्रकार. लग्नपत्रिका घ्या. ती सबंध न वाचताही मुहूर्त आणि कार्यालय कुठे सापडेल हे आपल्याला ठाऊक असतं. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात तसा न बोलता झालेला करारच असतो.

आपल्या परंपरेत हा प्रश्न जुनाच आहे. वेदान्ताच्या ग्रंथारंभी ‘अनुबंधचतुष्टय’ सांगतात: विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. ग्रंथ कशाबद्दल, कशासाठी, ग्रंथ आणि विषय यांचं नातं काय, आणि तो कोणासाठी. यातला ‘अधिकारी’ हा शब्द आज आपल्याला फार उपयोगी पडणार आहे.

आता शोधनिबंध. जॉन स्वेल्स यांनी 1990 च्या आपल्या पुस्तकात शोधनिबंधांच्या प्रस्तावनांमधल्या तीन चाली दाखवल्या. आधी विषयाचं क्षेत्र आखायचं, मग त्यात कुठे जागा रिकामी आहे ते दाखवायचं, आणि शेवटी ‘ती जागा आम्ही भरतो’ म्हणायचं. पूर्वपक्ष मांडून सिद्धान्ताकडे जाण्याची सवय असलेल्या आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. इथला अधिकारी म्हणजे बरोबरीचा अभ्यासक. तो शंका घेणार, म्हणून प्रत्येक विधानाला कारण द्यावं लागतं.

पण या प्रकाराला एक किंमत आहे. पीटर मेडावर हे नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. त्यांनी 1963 साली बीबीसीवरच्या भाषणात विचारलं, की वैज्ञानिक निबंध ही फसवणूक आहे का? आकडे खोटे असतात असं त्यांचं म्हणणं नव्हतं. त्यांचा रोख वेगळाच होता. निबंध वाचून वाटतं, की संशोधक कोऱ्या मनाने निरीक्षणं करत गेला आणि निष्कर्ष आपोआप निघाला. आधी मनात आलेला अंदाज, चुकलेल्या वाटा, हे सगळं गाळलेलं असतं. म्हणजे शोधनिबंध ‘का’ सांगतो, पण ‘प्रत्यक्षात कसं घडलं’ ते झाकतो.

हेल्पडेस्कच्या पुस्तिकेत नेमकं उलटं होतं. तिथे वाक्यं आज्ञार्थी असतात, एका पायरीत एकच कृती. ‘केबल तपासा. दिवा लाल असेल तर पायरी 7 वर जा.’ हे योग्यच आहे हो! कानाला फोन आहे, पलीकडे ग्राहक वैतागलाय. अशा वेळी परिच्छेद कोण वाचणार? पण ‘का’ मात्र बहुधा गायब असतं.

साधी पायरी पाहा: ‘संगणक बंद करून पुन्हा सुरू करा.’ यामागे कारण आहे. चालू प्रोग्रॅमच्या मेमरीत काहीतरी बिघडलेलं असतं. पुन्हा सुरू केल्यावर तो माहीत असलेल्या मूळ अवस्थेपासून निघतो. हे कारण ज्याला कळलं, त्याला ही पायरी कधी थांबवायची तेही कळतं. ग्राहकाने काम सेव्ह केलं नसेल तर ते जाईल. आणि तोच बिघाड रोज होत असेल, तर दरवेळी बंद-चालू करून आपण बिघाडाची खूणच पुसत असतो. नुसती पायरी पाठ असलेल्याला हे दोन्ही सुचणं कठीण.

मग माणसं काय करतात? ज्युलियन ऑर यांनी झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती-तंत्रज्ञांचा मानववंशशास्त्रीय अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1996 चं. मॅन्युअलमध्ये न बसणारे बिघाड हे तंत्रज्ञ गोष्टी सांगून सोडवायचे. जेवताना, कॉफी पिताना, ‘त्या मशिनचं काय झालं होतं’ म्हणून. ही गप्पांची वेळ दिसायला रिकामी, पण शिकणं तिथेच चालायचं. गोष्ट हाही एक लेखनप्रकारच, फक्त न लिहिलेला. पुढे कंपनीने तंत्रज्ञांच्या अशा युक्त्या एकमेकांना मिळाव्यात म्हणून ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी केली.

यात पणाला काय लागलंय? एम.ए. झालेली मुलगी हेल्पडेस्कवर रुजू होते, तिकिटावर तीन परिच्छेद लिहिते आणि ‘हिला लिहिता येत नाही’ असा शेरा मिळवते. दहा वर्षं तिथे राबलेला माणूस पदवीसाठी प्रकल्प लिहितो, पायऱ्या देतो, आणि ‘विश्लेषण नाही’ असं ऐकतो. दोघांनाही लिहिता येतं. नव्या जागचा करार त्यांना कोणी सांगितला नाही, एवढंच. आणि त्याहून गंभीर म्हणजे, पुस्तिका लिहिणारा जेव्हा कारण गाळतो, तेव्हा वाचणाऱ्याला फक्त हात आहेत, डोकं चालवणं त्याचं काम नाही, असा निवाडा तो नकळत करून टाकतो. अधिकारी ठरवणं म्हणतात ते हे.

यावर उपाय अवघड नाही. पायरी लहानच ठेवावी, पण जिथे ती चुकीची ठरू शकते तिथे एका ओळीत कारण द्यावं. शोधनिबंधातही फसलेली एखादी वाट चार ओळींत नोंदवायला हरकत नसावी.

पुढच्या व्याख्यानापूर्वी एवढं करून बघा. घरातल्या मिक्सरची किंवा वॉशिंग मशिनची माहितीपुस्तिका काढा आणि तिला ते चार प्रश्न विचारा. चौथ्यापाशी जरा जास्त वेळ थांबा: ही कोणाला उद्देशून लिहिली आहे, आणि त्या माणसाला काय समजेल असं लिहिणाऱ्याने गृहीत धरलंय? उत्तरं घेऊन या, तिथून पुढे बोलू.