जुना नायट्रो ट्रक नव्याने बांधताना

सुरतमध्ये यंत्र जुने झाले म्हणून ते लगेच भंगारात जात नाही. उधना आणि पांडेसरा भागातल्या लूमच्या कारखान्यांत जुन्याच सांगाड्यावर नवा जॅकार्ड चढतो. घासलेला शाफ्ट लेथवर जातो, बेअरिंग बदलते आणि लूम पुन्हा कापड विणू लागतो. याच भागात आणि शेजारच्या लिंबायतमध्ये खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही चालतात. लेथ, फिटिंग, बेअरिंग हे शब्द इथल्या घरांत रोजच्या बोलण्यातले आहेत. रेडिओ कंट्रोलवर चालणारा जुना नायट्रो मॉडेल ट्रक पुन्हा उभा करायचा तर लागणारी शिस्त नेमकी हीच आहे. आधी झीज मोजायची, मग भाग बदलायचा आणि ताकदीचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. हौशी माणसे बहुतेक वेळा हा क्रम उलटा लावतात आणि चांगले यंत्र त्यातच वाया जाते.

नायट्रो ट्रकचे इंजिन म्हणजे मुठीत मावणारे टू-स्ट्रोक इंजिन. इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असते. ठिणगी टाकणारा प्लग यात नाही, त्याजागी ग्लो प्लग असतो. त्यातली प्लॅटिनमची बारीक तार सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलवर तापवायची. पुढे मिथेनॉलची प्लॅटिनमशी होणारी प्रक्रिया आणि दाबाची उष्णता तिला लाल ठेवतात. अमेरिकेत रे आर्डेन यांनी 1947 च्या सुमारास हा प्लग बाजारात आणला आणि छोट्या इंजिनांवरचे कॉइल-बॅटरीचे ओझे उतरले. पिस्टनला इथे रिंगही नसते. पिस्टन ॲल्युमिनियमचा, स्लीव्ह पितळेची आणि आतून क्रोम चढवलेली. ही स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. इंजिन थंड असताना फ्लायव्हील हाताने फिरवले की पिस्टन वर पोचताना घट्ट आवळला जातो. इंजिन शंभर अंश सेल्सिअसच्या पुढे तापले की स्लीव्ह फुगते आणि ही पकड हवी तेवढीच उरते. थंड इंजिनात पिस्टन वरच्या टोकावरून सहज निसटत असेल, तर पिस्टन आणि स्लीव्हची जोडी संपली आहे. मग बाहेरून कितीही चकचकीत भाग लावा, ट्रक गरम झाला की बंद पडणारच.

वर्षानुवर्षे पडून राहिलेला ट्रक बहुधा जाम झालेला असतो. दोष सहसा इंधनातल्या एरंडेल तेलाचा असतो, ते आत वार्निशसारखे सुकून बसते. अशा वेळी फ्लायव्हीलला पकड लावून जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. हेअर ड्रायरने इंजिन गरम करायचे, प्लगच्या भोकातून पातळ तेलाचे थेंब सोडायचे आणि थांबायचे. ते हाताने फिरू लागले की मागचे कव्हर काढून क्रँकचे मोठे बेअरिंग पाहायचे. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि सुरतसारख्या समुद्राजवळच्या दमट शहरात गंज पहिल्यांदा इथेच धरतो. त्यानंतर हवेची गळती. टाकी, तिची नळी, कार्बोरेटरच्या गळ्यातली ओ-रिंग आणि मागचे कव्हर या चार जागा पाण्यात बुडवून फुंकर मारली की बुडबुडे खरे काय ते सांगतात. अशा गळतीने इंधनाचे प्रमाण कमी पडते, ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन किंचाळत राहते आणि माणूस उगाच इंधनाचे प्रमाण ठरवणारे नीडल पिळत बसतो. दोष नीडलचा नसून काही रुपयांच्या रबरी कड्याचा असतो.

आता सुधारणेचा मुद्दा. ट्रॅक्सास कंपनीचा टी-मॅक्स 1999 मध्ये आला, त्याचे पहिले इंजिन सुमारे अडीच सीसीचे होते. पुढे 3.3 सीसीचे इंजिन आले, म्हणजे क्षमता जवळपास एक तृतीयांशाने वाढली. कंपनीने त्या आवृत्तीत नुसते इंजिन बदलले नाही, चासीही लांब केली. जुन्या छोट्या ट्रकवर थेट मोठे इंजिन बसवणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ताकद वाढली की ती कुठेतरी सोसावी लागते. प्लास्टिकचा स्पर गिअर हा या ट्रकचा फ्यूज आहे, तो स्वस्तात तुटतो आणि मागचे महागडे भाग वाचवतो. त्या जागी पोलादी गिअर टाकला की पुढचा धक्का गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल खातात. सस्पेन्शनच्या आर्म्सचेही तसेच. चांगल्या नायलॉनचा आर्म लवतो आणि परत सरळ होतो. ॲल्युमिनियमचा आर्म वाकला की वाकलेलाच राहतो, आणि वाकला नाही तर धक्का चासीपर्यंत पोचवतो.

म्हणून पैसे घालायचे ते बेअरिंगमध्ये, क्लचमध्ये, एअर फिल्टरमध्ये आणि रेडिओत. अशा अनेक ट्रकांत 5 बाय 11 मिलिमीटरची बेअरिंगे असतात. ती कोणत्याही एका कंपनीची मक्तेदारी नाहीत, माप सांगून बाजारात मागता येतात. जुना 27 मेगाहर्ट्झचा क्रिस्टलवाला संच काढून 2.4 गिगाहर्ट्झचा फेलसेफसह संच लावणे ही मला सगळ्यात मोलाची सुधारणा वाटते. रिसीव्हरची बॅटरी उतरली किंवा सिग्नल तुटला, तर काही किलो वजनाचा ट्रक पूर्ण वेगात माणसांत घुसू शकतो. सिग्नल तुटला की फेलसेफ त्या क्षणी थ्रॉटल मिटवून ब्रेक लावतो. पण बॅटरीच पूर्ण उतरली तर फेलसेफही काही करू शकत नाही, म्हणून रिसीव्हरची बॅटरी नवी आणि भरलेलीच हवी.

यावर पहिला आक्षेप असा, की एवढ्या खटपटीत ब्रशलेस मोटर का बसवू नये? ती जास्त वेगवान आहे, शांत आहे, स्वच्छ आहे. हे सगळे खरे आहे. पण इंजिन, क्लच, टू-स्पीड गिअर आणि टाकी काढल्यावर उरतो तो सांगाडा. विजेवरचा ट्रक हवा असेल तर मुळात त्यासाठीच आखलेला घ्यावा. जुन्या ट्रकचे मोल त्याच्या मोजता येणाऱ्या, पुन्हा बनवता येणाऱ्या धातूच्या भागांत आहे. ते उघडून पाहता येतात, आणि तरुण फिटरला टू-स्ट्रोक शिकवायला याहून स्वस्त नमुना सापडणे कठीण.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, तो इंधनाचा. मिथेनॉल पोटात गेले तर दृष्टी जाते, जीवही जातो, आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. जुलै 2022 मध्ये बोटाद परिसरात मिथेनॉल मिसळलेल्या दारूने चाळीसहून जास्त माणसे दगावली. त्यामुळे गुजरातमध्ये हे रसायन सुट्या डब्यात, ओळखीपाळखीने मागवणे धोक्याचे आणि बेकायदाही ठरू शकते. बंद, लेबल लावलेले मॉडेल इंधन बिलासह घ्यावे, कुलपात ठेवावे. ते सरळ मार्गाने मिळत नसेल तर इंजिन सुरू करण्याचा हट्ट सोडावा. आवाजाबद्दलही तक्रार रास्त आहे. मिनिटाला तीस हजारांवर फेरे घेणारे इंजिन सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालवू नये, त्यासाठी शहराबाहेरची मोकळी जमीन पाहावी.

हवामानाकडेही लक्ष हवे. पावसाळ्यातल्या उष्ण, दमट हवेत प्राणवायू विरळ असतो, त्या हवेला जमवलेले नीडल जानेवारीच्या कोरड्या, थंड सकाळी कमी पडते. नीडल थोडे उघडले नाही तर इंजिन तापून पिस्टन खाते. चालवून झाल्यावर टाकी रिकामी करून, उरलेले इंधन इंजिनात जाळून, आत तेलाचे थेंब सोडल्याशिवाय ट्रक कपाटात ठेवू नये.

तुमच्या घरी असा ट्रक पडून असेल तर नव्या भागांची ऑर्डर देण्याआधी प्लग काढा, इंजिन गरम करा, फ्लायव्हील हाताने फिरवा आणि क्रँकचे मोठे बेअरिंग डोळ्यांनी पाहा. खरेदीची यादी त्यानंतर करा.