एका देहांत तीन विषें

जुलै 2025 मध्यें चाळीसगांवनजीक कन्नड घाटाच्या बाजूस महामार्ग पोलिसांनीं एका मोटारींतून सुमारें 39 किलो अँफेटामाइन पकडलें, तेव्हां आमच्या गांवाचें नांव कांहीं दिवस वृत्तपत्रांत गाजलें. मालाची किंमत कोट्यवधि रुपये निघाली आणि ओट्यापासून दिवाणखान्यापर्यंत त्या आंकड्याचीच चर्चा झाली. हा पदार्थ ज्यांच्या पोटांत जातो त्यांस बरें कोण करणार, हा प्रश्न त्या गडबडींत कोणीं विचारल्याचें मात्र आमच्या ऐकिवांत नाहीं.

अँफेटामाइन, त्याचें अधिक उग्र भावंड मेथँफेटामाइन, आणि मुंबई-पुण्याकडे 'एम. डी.' या नांवानें खपणारें मेफेड्रोन हीं एकाच कुळींतील उत्तेजकें होत. मेथँफेटामाइन प्रथम 1893 सालीं नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञानें एफेड्रीनपासून तयार केलें. (एफेड्रीन ज्या झुडपांत सांपडतें तोच वेदांतील सोम, असें कांहीं पंडित मानतात, तो वाद येथें नको.) दुसऱ्या महायुद्धांत सैनिकांस जागें ठेवण्यासाठीं याच्या गोळ्या वांटल्या गेल्या, आणि युद्ध संपल्यावर जपानांत हें व्यसन इतकें फैलावलें कीं 1951 मध्यें तेथें स्वतंत्र कायदा करावा लागला. हीं द्रव्यें भूक मारतात व झोंप उडवितात. दोन दोन रात्री जागल्यावर मनुष्य झोंपेसाठीं दारू घेतो, नाहींतर गोळ्या, नाहींतर अफूच्या वर्गांतील कांहीं. पाहतां पाहतां एका देहांत तीन विषें नांदूं लागतात.

वैद्यांची अडचण येथूनच सुरू होते. दारूच्या व्यसनावर औषधें आहेत. अफू व हेरॉइन यांसाठीं मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन आहेत. उत्तेजकांच्या व्यसनावर मात्र सर्वमान्य झालेलें एकही औषध अद्याप नाहीं. 2021 मध्यें अमेरिकेंतील एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नाल्ट्रेक्सोन व ब्युप्रोपियॉन हीं औषधें जोडीनें दिलीं असतां शेंकडा 13.6 रोग्यांस गुण आला. ज्यांना नुसतें दिखाऊ औषध दिलें त्यांत हें प्रमाण शेंकडा 2.5 होतें. आशा लहानशी, पण आहे. तथापि ज्याच्या शरीरांत अफूवर्गीय द्रव्य आहे त्यास नाल्ट्रेक्सोन दिल्यास व्यसन तुटण्याच्या यातना एकदम उसळतात; आणि जो दारू वा झोंपेच्या गोळ्या अकस्मात् सोडतो त्यास ब्युप्रोपियॉननें फेफरें येण्याचा धोका असतो. म्हणजे जो अनेक द्रव्यांत गुरफटला आहे, त्याच्याच वांट्यास हा उपाय येणें कठीण. त्यांतल्या त्यांत परिणामकारक ठरलेली रीत अगदीं साधी आहे: लघवीची तपासणी निर्दोष आली कीं दर वेळीं रोग्यास लहानसें बक्षीस. बिगरीच्या वर्गांत आम्ही हेंच करीत असूं. पण आमच्याकडील किती दवाखाने हें करावयास धजतील?

आमच्या परिचयांतील एका घराची हकीकत सांगतों. मुलगा दारू पितो एवढेंच घरच्यांस ठाऊक. ज्या खासगी केंद्रांत त्यास ठेवलें तेथेंहि दारूखेरीज दुसरें कांहीं विचारलें गेलें नाहीं. बाहेर आल्यावर थोड्याच दिवसांत 'भिंतीपलीकडून लोक माझ्यावर पाळत ठेवतात' असें तो बरळूं लागला. मनोरोगाच्या वैद्याकडे नेलें, तर 'आधीं व्यसन सोडवून आणा'. पुन्हां केंद्राकडे गेले, तर 'आधीं डोकें ताळ्यावर आणा.' बापानें या दोन दारांमध्यें चार महिने खेटे घातले.

असे किती असतील? दिल्लीच्या एम्सनें केलेली देशव्यापी पाहणी 2019 मध्यें प्रसिद्ध झाली. तींत दारूच्या पूर्ण आहारीं गेलेल्या 38 जणांपैकीं एकास, व बेकायदा अमली द्रव्यांच्या आहारीं गेलेल्या 20 जणांपैकीं एकास कसलातरी उपचार मिळाल्याचें आढळलें. पुण्यांत अनिल व सुनंदा अवचट यांनीं 1986 मध्यें पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्यानें 'मुक्तांगण' उभें केलें. पण खानदेशांतून पुणें दूर. जवळचीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयें धुळें व जळगांव येथें. तेथें जावयाचें तर पहिली भीति बोभाट्याची. बहिणीचें लग्न ठरावयाचें आहे, घराण्याचें नांव आहे, म्हणून मुलास माडीवरच्या खोलींत कोंडून 'सोडविण्याचा' घाट घातला जातो. संस्कृतांत व्यसन या शब्दाचा एक अर्थ संकट असाहि आहे. घरास आग लागली असतां आपण दार लावून बसत नाहीं.

हें कोंडणें प्राणावर बेतूं शकतें. दारू वा झोंपेच्या गोळ्या एकाएकीं तोडल्या तर कंप, फेफरें व वात होऊन मनुष्य दगावूं शकतो. उत्तेजक तुटलें तर तो दिवसच्या दिवस झोंपतो, आणि जागा झाल्यावर जी उदासीनता येते तींत आत्महत्येचे विचार येतात. अशा वेळीं त्यास एकटें ठेवूं नये. पोलिसांची धास्ती बाळगणारांनीं अमली पदार्थांच्या कायद्याचें 64 अ हें कलम वकिलाकडून समजून घ्यावें; अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांत अडकलेला व्यसनी स्वतः होऊन सरकारमान्य ठिकाणीं पूर्ण उपचार घेईल तर त्यास खटल्यापासून संरक्षण आहे. 14446 या क्रमांकावर सरकारी सल्ला विनामूल्य मिळतो. आणि वैद्याकडे जातांना खोलींत सांपडलेल्या पुड्या, बाटल्या, गोळ्यांचीं रिकामीं पाकिटें, सर्व पिशवींत घालून न्यावें. काय काय व शेवटचें केव्हां घेतलें हें मुलाकडूनच कागदावर उतरवून घ्यावें. तें लिहून घेण्याचें काम वडिलांपेक्षां बहुधा एखाद्या वहिनीस अधिक साधतें.